ट्रेलर ट्रॅक्टरला तेवढ्याच जोरानं मागं ओढतो, तर मग गाडी हलते कशी?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. भाचा नववीत आहे, मराठी माध्यम, टिळकवाडीत आमच्याकडंच राहतो. विज्ञानात सध्या बल आणि गतीचे नियम चालू आहेत. पहिला नियम पाठ, दुसरा पाठ, तिसऱ्यावर, म्हणजे प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते त्यावर, गडी अडला. परवा सांबऱ्याच्या रस्त्याला पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर लावलेले, ओव्हरटेकला जागा नाही. मागं बसून यानं काढलंच, "मावशी, ट्रॅक्टर ट्रेलरला जेवढं ओढतोय तेवढंच ट्रेलर ट्रॅक्टरला मागं ओढतोय ना? मग बेरीज शून्य. हे चाललंय कसं?"
मी कॉमर्सवाली. म्हटलं ट्रॅक्टरचा जोर जास्त असेल. तो म्हणतो, मग पुस्तकात 'समान' कशाला छापलंय? शिकवणीत विचारलं तर "हे परीक्षेला येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. इथं कोणी नीट सांगेल का, त्याला कळेल असं?

उसाचा_फड
न्यूटनला एकदा जानेवारीत आमच्या फडात आणा. पाणी पाजलेल्या रानात भरलेला ट्रेलर रुतला की समान आणि विरुद्ध काय असतंय ते त्याला कळंल. ट्रॅक्टर जाग्यावर गुरगुरतोय आणि आम्ही चाकाखाली पाचट घालूलालोय.

निपाणीकर_हाय
चालतंय कसं म्हणजे काय, डिझेलवर.

लेथवाला_उद्यमबाग
ताई, तुमचंच बरोबर आहे की ओ. ट्रॅक्टर जास्त जोरानं ओढतोय म्हणून तर ट्रेलर मागनं येतोय. सारखाच जोर असता तर दोघं जाग्यावर बसले असते. रस्सीखेचीत काय होतं? जास्त ओढतो तो जिंकतो. पुस्तकातलं पुस्तकात राहू दे.

निवृत्त_मास्तर
लेथवाले, रस्सीखेच बरी काढलीत, तिच्याकडं येतोच. आधी पोराचा प्रश्न, कारण प्रश्न चांगला आहे आणि पुस्तकातल्या एका ओळीत त्याचं उत्तर मिळत नाही.

दोन बलांची बेरीज कधी करायची? दोन्ही एकाच वस्तूवर लागत असतील तर. ट्रॅक्टर ट्रेलरला ओढतो, हे बल ट्रेलरवर. ट्रेलर ट्रॅक्टरला मागं ओढतो, हे बल ट्रॅक्टरवर. दोन वस्तू, दोन बलं. ती एकमेकांना मारतील कशी? पोराला सांगा, एका कागदावर नुसता ट्रेलर काढ. ट्रॅक्टर काढायचाच नाही. ट्रेलरला आडव्या दिशेत काय काय लागतंय? कडीतून पुढं ओढ, आणि चाकांचा, रस्त्याचा अडथळा मागं. ओढ अडथळ्यापेक्षा मोठी झाली की ट्रेलर हलला. ट्रेलर उलट ट्रॅक्टरला काय करतोय, याचा ट्रेलरच्या हिशेबात संबंध नाही.

आता दुसऱ्या कागदावर नुसता ट्रॅक्टर. इथं कडीची ओढ मागं. मग पुढं कोण ढकलतंय? इंजिन म्हणाल तर नाही. इंजिन ट्रॅक्टरच्याच अंगावर बसलंय, ते चाक फिरवतं इतकंच. चाक जमिनीला मागं रेटतं, आणि जमीन चाकाला तेवढ्याच जोरानं पुढं रेटते. ट्रॅक्टरला पुढं नेणारं बाहेरचं बल म्हणजे जमिनीचं. हे बल कडीची ओढ आणि ट्रॅक्टरचा स्वतःचा अडथळा यांच्या बेरजेपेक्षा जास्त झालं की गाडी निघाली.

रस्सीखेचीत दोरी दोन्ही बाजूंना सारखीच ताणलेली असते. जिंकतो तो, ज्याचे पाय जमिनीला जास्त रेटू शकतात. आनंदवाडीच्या आखाड्यातला एखादा पैलवान घ्या, तेल सांडलेल्या फरशीवर उभा करा, आणि समोर मातीत पाय रोवून नववीचं पोरगं. दंडातली ताकद तीच राहील, पण बक्षीस पोरगं घेऊन जाईल.

लेथवाला_उद्यमबाग
मास्तर, मान ठेवून विचारतो. जमीन हलत नाही, तिला इंजिन नाही, डिझेल नाही. ती काय ढकलणार?

उसाचा_फड
ते मात्र मी सांगतो. रुतलेल्या ट्रॅक्टरचं मागचं चाक जाग्यावर गरगर फिरतंय. इंजिन तेच, डिझेल तेच, ड्रायव्हर पण तोच. खरं जमीन धरत नाही, म्हणून गाडी इंचभर सरकत नाही. चाकाखाली पाचट टाकलं, दोन पोती घातली, की त्याच इंजिनावर बाहेर येतो. आमच्यात मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा हवा. कशाला? वजन वाढलं की चाक जमिनीला घट्ट धरतंय. नुसत्या इंजिनाच्या जोरावर भागलं असतं तर हा उद्योग कोण केला असता?
बैलाचं तसंच. डांबरी रस्त्यावर पत्री, म्हणजे खुराचा नाल, झिजलेला बैल जुपून बघा. ताकद असून घसरतोय बिचारा.

निवृत्त_मास्तर
फडवाले, मी तीस मिनिटांच्या तासात सांगितलं असतं ते तुम्ही पाचटात सांगितलंत.
लेथवाले, भिंतीला हात टेकून जोरात ढकला, चाकाच्या खुर्चीत बसून. भिंतीला पण इंजिन नाही. तरी मागं कोण जातं बघा.

पुण्यातली_शहापूरकर
आकडे घालून बघूया, म्हणजे भाच्याला वहीत करता येईल. एकच ट्रेलर धरते, आकडे सोयीचे घेतलेत.

ट्रॅक्टर ३,००० किलो, भरलेला ट्रेलर ९,००० किलो. जमीन ट्रॅक्टरला पुढं रेटते ९,००० न्यूटननं (न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक). ट्रॅक्टरचा स्वतःचा अडथळा ९०० न्यूटन, ट्रेलरचा २,७०० न्यूटन.

आख्खी गाडी एक वस्तू धरली तर शिल्लक बल ९,००० वजा ३,६०० म्हणजे ५,४०० न्यूटन. एकूण वस्तुमान १२,००० किलो. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण (दर सेकंदाला वेग किती बदलतो ते), म्हणून त्वरण ०.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. असंच दहा सेकंद चाललं तर वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास.

आता नुसता ट्रेलर. त्याला ०.४५ नं पळवायला ९,००० गुणिले ०.४५ म्हणजे ४,०५० न्यूटन हवेत, वर २,७०० चा अडथळा. म्हणजे कडीत ६,७५० न्यूटन.

नुसता ट्रॅक्टर. पुढं ९,०००, मागं ९०० आणि कडीचे तेच ६,७५०. शिल्लक १,३५०. भागिले ३,०००, पुन्हा ०.४५. कडीतलं बल दोन्ही बाजूंना सारखंच धरलं आणि तरी गाडी पळते आहे. कुठंही शून्य झालं नाही.

आणि गाडी एका ठरावीक वेगानं चालायला लागली की जमिनीचा रेटा ३,६०० आणि कडीत २,७००. तेव्हा मात्र प्रत्येकावरची बेरीज शून्य, आणि तरी गाडी थांबत नाही, कारण शून्य बल म्हणजे आहे तो वेग तसाच राहणं. पोरं इथं जास्त अडतात, तिसऱ्या नियमात नाही. त्यांना वाटतं बल संपलं की गती संपली.

निपाणीकर_हाय
एवढं गणित त्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो ट्रॅक्टर बंद करून चहाला जाईल, आणि मावशींची गाडी मागंच अडकणार.

लेथवाला_उद्यमबाग
शहापूरकर, आकडे जुळतात, मान्य. खरं हे सगळं सुरळीत चाललेलं झालं. क्लच एकदम सोडला की कडी खाडकन वाजते, मागचा ट्रेलर हिसका खाऊन उठतो. त्या एका झटक्याला तरी ट्रॅक्टरचा जोर जास्त असणारच की. नाहीतर ट्रेलर उठेल कशाला?

पुण्यातली_शहापूरकर
झटक्याला कडीतलं बल खूप वाढतं, पण दोन्हीकडं सारखंच वाढतं. ट्रेलर हिसका खाऊन पुढं येतो त्याच क्षणी ड्रायव्हरलाही मागून ओढल्याचं जाणवतं की नाही? ट्रेलर उठतो, कारण त्या क्षणी कडीची ओढ त्याच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी मोठी असते. तुलना ट्रेलरच्या अडथळ्याशी करायची, ट्रॅक्टरला बसणाऱ्या ओढीशी नाही.
घरी करून बघण्यासारखं: हुकाचे दोन हलके स्प्रिंग काटे घ्या, एकमेकांत अडकवा. एकाचं टोक दप्तराला बांधा, दुसरं हातात धरून दप्तर फरशीवरून ओढा, हळू ओढा, झटक्यानं ओढा. दोन्ही काटे बरोबरच उड्या मारतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं तर वाद उरत नाही.

चोर्ला_घाट
मी सतरा वर्षं जड गाडी चालवतोय, बेळगाव गोवा. तिसरा नियम राहू दे मास्तर, पोराला पहिला नीट शिकवा. जीव त्याच्यानं वाचतो. ब्रेक मारला म्हणून गाडी तिथंच उभी राहत नाही, आणि गाडी थांबली तरी आतला माल थांबत नाही. केबिनच्या मागं सळ्या लादलेल्या असतात. त्या पुढं येऊ नयेत म्हणून आम्ही साखळी घालतो. ज्यानं घातली नाही त्याची केबिन मी बघितली आहे, वर्णन करत नाही.

पुण्यातली_शहापूरकर
एकदम बरोबर. भाच्याला हा हिशेब पण द्या: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी चौपट अंतर घेते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, घर्षण गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचा आकडा, ०.७ धरला, तर ताशी ४० ला साधारण ९ मीटर आणि ताशी ८० ला ३६ मीटर. हे ब्रेक दाबल्यानंतरचं. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तर ४० ला आणखी ११ मीटर, ८० ला २२ मीटर. ओल्या रस्त्यावर याच्याही पुढं.

चोर्ला_घाट
पावसात धुकं आणि रस्त्यावर पाला. तुमचं ०.७ तिथं विसरा.
आणि वळणावर बाहेर फेकणारा जोर, त्याचं काय? तो पुस्तकात आहे का?

निवृत्त_मास्तर
रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला तो जोर दिसत नाही, कारण बाहेर कोणी फेकतच नाही. तुमची गाडी सरळ जायला निघालेली असते. वळायला आतल्या बाजूला बल लागतं, ते टायरला रस्ता देतो. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. रस्ता ओला असला आणि तेवढं बल देऊ शकला नाही, की गाडी वळणं सोडून सरळ निघते, आणि सरळ म्हणजे दरी.

तिसरं_गेट
मास्तर, खानापूरच्या बसमध्ये माझं डोकं खिडकीवर आपटलं होतं वळणावर. मला कोणी फेकलं नव्हतं म्हणता?

निवृत्त_मास्तर
ताई, तुम्ही सरळ जात होता. खिडकी वळून तुमच्याकडं आली.

निपाणीकर_हाय
उद्या बायकोला सांगतो, मी उशिरा आलो नाही, घड्याळ वळून पुढं आलं.

पुण्यातली_शहापूरकर
मास्तरांशी थोडी असहमती. बसमध्ये बसूनच हिशेब करायचा ठरवलं तर बाहेर ढकलणारं बल मांडता येतं आणि उत्तर बरोबर येतं. अपकेंद्री बल म्हणतात त्याला. बस स्वतः वळते आहे म्हणून ते मांडावं लागतं, त्याला जोडीदार प्रतिक्रिया नसते. नववीच्या पोराला मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहूनच शिकवावं, इथं मास्तरांचं मान्य.

निवृत्त_मास्तर
ठीक. पण पेपरात 'अपकेंद्री' लिहून आला तर मी मार्क कापले असते.

लोंढा_जंक्शन
रेल्वेवाला आलो. जमिनीच्या पकडीचा विषय निघालाय तर कॅसलरॉक ते कुळे हा घाट घ्या. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर जाताना १ मीटर वर. भारतातल्या रेल्वेसाठी हा फार तीव्र चढ. १,००० टनांची गाडी घेतली तर नुसत्या चढामुळं तिच्या वजनापैकी २७ टनांएवढी ओढ मागं. रूळ लोखंडी, चाक लोखंडी, पकड कमी. सपाटीवर हेच बरं पडतं, कारण अडथळाही कमी, म्हणून एक इंजिन लांबलचक मालगाडी नेतं. घाटात मात्र इंजिनात ताकद असून चाक घसरतं. म्हणून मागं जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. आणि पावसात चाक घसरायला लागलं की इंजिन स्वतःच चाकाखाली वाळू सोडतं. फडवाल्यांच्या पाचटाचा रेल्वे अवतार.

उसाचा_फड
वाळू! आणि आम्ही बसलोय पोती घालत.

गोकाक_नाका
घाट, ट्रॅक्टर सगळं झालं, गोकाकचा धबधबा कोणी काढला नाही. आमच्यात एक वाद जुना आहे. वरून मोठा दगड आणि छोटा दगड एकदम सोडला तर मोठा आधी पडणार, बरोबर? जड आहे म्हटल्यावर पृथ्वी जास्त ओढणार.

पुण्यातली_शहापूरकर
जास्त ओढते हे खरं, पण हलवायलाही जास्त जड. दुप्पट वस्तुमान, दुप्पट बल, त्वरण तेच. गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर. हवेचा अडथळा सोडला तर दोन्ही दगड ३.३ सेकंदांत खाली, आणि पोचताना वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास. (प्रयोग करायला जाऊ नका, खाली माणसं असतात.)
पीस किंवा वाळलेलं पान मागं राहतं ते हवेमुळं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, हवा नसल्यामुळं दोन्ही एकदम खाली आली. भाच्याला तो व्हिडिओ जरूर दाखवा.

निवृत्त_मास्तर
एक बारीक भर. खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण पुस्तकात ९.८ लिहितात, आपल्या भागात ते ९.७८ च्या जवळ येतं, विषुववृत्ताकडं झुकलेलो आणि वर पठारावर. पेपरात ९.८ च लिहायचं.

निपाणीकर_हाय
म्हणजे दिल्लीपेक्षा बेळगावात कुंदा हलका भरतो. तरीच एक किलो पुरत नाही.

निवृत्त_मास्तर
तराजूत वजनं घालून मोजलात तर दोन्हीकडं सारखाच भरेल, वजनंही तेवढीच हलकी होतात. स्प्रिंग काट्यावर मात्र किंचित फरक पडेल. निपाणीकर, तुम्ही चेष्टेत चांगला प्रश्न विचारता, शाळेत का नाही विचारलात?

निपाणीकर_हाय
विचारला होता. बाहेर उभं केलं होतं.

तिसरं_गेट
मंडळी, भाच्यानं सगळं वाचलं. आता माझ्या मोबाइलवरून तोच लिहितोय, शुद्धलेखन त्याचं.

"सर नमस्कार. मला दोन चित्रं काढल्यावर कळलं. पण अजून एक विचारायचं आहे. पृथ्वी मला खाली ओढते तर मी पण पृथ्वीला तेवढंच वर ओढतो का? मी उडी मारली की पृथ्वी वर येते का?"

निवृत्त_मास्तर
ओढतोस की. वजन किती तुझं? ५० किलो धरूया. पृथ्वी तुला ४९० न्यूटननं ओढते आणि तू पृथ्वीला बरोबर ४९० न्यूटननं. पण तुझं त्वरण ९.८ येतं. पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे ६ वर २४ शून्यं, इतके किलो. ४९० ला त्यानं भाग, मग त्वरण किती येतं ते तुझं तूच बघ. बल सारखं म्हणजे परिणाम सारखा, असं तिसरा नियम कुठंही म्हणत नाही. परिणाम दुसऱ्या नियमानं काढायचा.
परीक्षेत आलं तर तीन ओळी लिही: क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून त्या एकमेकींना रद्द करत नाहीत. ट्रेलरवरची ओढ त्याच्या अडथळ्यापेक्षा जास्त असेल तर ट्रेलरला त्वरण मिळतं. ट्रॅक्टरला पुढं ढकलणारं बल जमीन देते. खाली दोन वेगळी चित्रं, बाणांसकट. कापायला जागा राहत नाही.

लेथवाला_उद्यमबाग
दोन चित्रांचं पटलं. झटक्याचं मी काटे आणून बघणार, तोवर हो म्हणत नाही.

तिसरं_गेट
त्याचा शेवटचा प्रश्न, मग अभ्यासाला बसवते: चढावर भरलेले ट्रेलर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं वर का उचलतात?

उसाचा_फड
कारखान्याच्या रस्त्याला रोज बघतो. काही ड्रायव्हर मुद्दाम उचलतात, व्हिडिओ करायला. ते करू नका म्हणून सांगा त्याला, पुढची चाकं अधांतरी गेली की स्टेअरिंग फिरवून काही होत नाही.

पुण्यातली_शहापूरकर
जमीन ट्रॅक्टरला पुढं रेटते ती टायरच्या तळाशी. ट्रेलर मागं ओढतो तो कडीच्या उंचीवर. एक बल खाली पुढं, एक बल वर मागं, म्हणजे ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर उलटं फिरवायला जोडी तयार. एरवी पुढच्या भागाचं वजन त्याला दाबून ठेवतं. चढावर ओढ वाढते, शिवाय वजन मागच्या चाकांकडं सरकतं, आणि पुढचा भाग उठतो. कडी जितकी उंच तितका धोका जास्त.

उसाचा_फड
म्हणून हुकाच्या पट्टीला वर खाली भोकं असतात. भरलेला माल असला की खालच्या भोकात लावायचं, आणि पुढं बंपरला लोखंडी वजनं टाकायची. जुने ड्रायव्हर न शिकता हेच करतात. नवीन पोरं वरच्या भोकात लावतात, कारण पिन घालायला वाकावं लागत नाही.

लेथवाला_उद्यमबाग
हे एक नंबर. पट्टी वाकली की माझ्याकडंच येते सरळ करायला. आता पुढच्या वेळी आलेल्याला आधी विचारतो, कुठल्या भोकात लावत होतास.